हेन्री व्हॅनडाइक कार्टर

हेन्री व्हॅनडाइक कार्टर (२२ मे १८३१ – ४ मे १८९७) हे इंग्लिश शरीररचनाशास्त्रज्ञ, चित्रकार आणि वैद्यकीय संशोधक होते. ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्रावरील जगप्रसिद्ध ग्रंथातील चित्रे त्यांनी काढली. मात्र त्यांच्या आयुष्यातील तीस वर्षांचे मुख्य कार्य मुंबई व सातारा येथे झाले. कुष्ठरोगात मज्जातंतूंवर होणारे परिणाम, मदुरा पाय हा विकार आणि दुष्काळाबरोबर येणारा उलटणारा ताप हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होत. ज्या ग्रंथातील चित्रांमुळे ते ओळखले जायला हवे होते, त्या ग्रंथाला नाव दुसऱ्याचे मिळाले. आणि ज्या प्रदेशात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, तेथेही ते फारसे परिचित नाहीत.

बालपण व शिक्षण

कार्टर यांचा जन्म इंग्लंडमधील हल येथे झाला. त्यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगात निसर्गचित्रे काढणारे चित्रकार होते. कुटुंब पुढे स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी राहिले. रेखाटनाचा हात मुलाला घरातच मिळाला. १८४८ च्या सुमारास ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले आणि सेंट जॉर्ज रुग्णालयात शिकू लागले. त्यानंतर रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये रिचर्ड ओवेन व जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली त्यांनी शरीररचनेचा अभ्यास केला. क्वेकेट हे सूक्ष्मदर्शकाचे जाणकार होते. कार्टर यांच्या पुढील कार्याचा विचार करता हा सहवास महत्त्वाचा ठरतो. १८५६ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळवली.

ग्रे यांचा ग्रंथ

सेंट जॉर्ज रुग्णालयातील हेन्री ग्रे यांनी विद्यार्थ्यांसाठी शरीररचनेचा नवा ग्रंथ लिहावयास घेतला, तेव्हा चित्रांचे काम कार्टर यांच्याकडे आले. सुमारे दीड वर्ष दोघांनी शवविच्छेदन केले. चित्रे छापण्यासाठी कठीण लाकडाच्या ठोकळ्यांवर थेट आणि उलटी काढावी लागत. अशी साडेतीनशेहून अधिक चित्रे कार्टर यांनी काढली. स्नायू, धमनी किंवा मज्जातंतू यांचे नाव बाजूला अंक देऊन खाली न लिहिता त्या अवयवावरच लिहिण्याची त्यांची पद्धत विद्यार्थ्यांना अतिशय सोयीची ठरली.

ग्रंथ १८५८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा कार्टर भारतात पोहोचलेले होते. शीर्षकपृष्ठाच्या मुद्रितावर ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान अक्षरांत करण्याची सूचना दिली व त्यांच्या पदाचा उल्लेख खोडला. ग्रे यांना प्रत्येक हजार प्रतींमागे १५० पौंड मिळावयाचे होते. कार्टर यांना एकदाच १५० पौंड मिळाले. त्यातून त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला. ग्रे १८६१ मध्ये देवीच्या रोगाने वारले. ग्रंथ मात्र आजही नव्या आवृत्त्यांतून त्यांच्याच नावाने निघतो.

मुंबईत आगमन

१८५८ मध्ये कार्टर मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांची शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. लगतच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयातही ते काम पाहत. १८५९ मध्ये मुंबईत झालेला त्यांचा विवाह सुखाचा ठरला नाही. त्यांच्या रोजनिशीतून एक एकाकी, धर्मविषयक शंकांनी ग्रासलेला व सदैव स्वतःला तपासणारा मनुष्य दिसतो.

रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांमध्ये पाय सुजून त्याला अनेक छिद्रे पडलेले शेतकरी व मजूर असत. छिद्रांतून काळे वा फिकट कण बाहेर पडत. सूक्ष्मदर्शकाखाली हे कण तपासून कार्टर यांनी हा विकार बुरशीमुळे होतो असे मांडले आणि त्याला मायसेटोमा हे नाव दिले. त्यांचा या विषयावरील सचित्र ग्रंथ १८७४ मध्ये निघाला.

कुष्ठरोग आणि मज्जातंतू

कुष्ठरोगाला मराठीत महारोग म्हणत. तो त्वचेचा रोग आहे, असाच सर्वसाधारण समज होता. नॉर्वेतील डॅनिएलसन व बोएक यांनी १८४७ मध्ये या रोगाचे शास्त्रीय वर्णन केले आणि संवेदना नष्ट होणाऱ्या प्रकाराचा संबंध मज्जारज्जू व त्याच्या आवरणांशी जोडला. मुंबईत कार्टर यांनी मृत रुग्णांची विच्छेदने करून हाता-पायांतील मज्जातंतूंवर लक्ष केंद्रित केले. १८६२ च्या सुमारास त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे तंतू सुजून जाड झाल्याचे वर्णन आहे.

या निरीक्षणाचे महत्त्व समजण्यासाठी रोगाचे स्वरूप पाहावे लागते. कोपराच्या मागून जाणारा मज्जातंतू त्वचेच्या अगदी जवळ असतो. तो बाधित झाला की करंगळी व अनामिका वाकतात, हाताचा पंजा आखडतो आणि त्या भागाची संवेदना जाते. संवेदना गेल्यामुळे चटका किंवा जखम कळत नाही आणि जखम चिघळून बोटे झडतात. बोटे झडण्याचे मूळ अशा रीतीने मज्जातंतूत आहे. आजही कुष्ठरोगाच्या तपासणीत डॉक्टर कोपरामागचा तंतू बोटांनी चाचपून पाहतात. त्याच काळात मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड हे वनस्पतिजन्य तेलाने कुष्ठरोग्यांवर उपचार करीत होते.

१८६३ ते १८७२ या काळात कार्टर साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. तुरुंगाची देखरेखही त्यांच्याकडे होती. त्यानंतर रजा घेऊन ते नॉर्वेला गेले. बर्गेन येथे गेरहार्ड हान्सेन यांना १८७३ मध्ये कुष्ठरोग्यांच्या शरीरातील गाठींत दंडाकार जंतू आढळले होते. पूर्वी कार्टर यांचा कल रोग आनुवंशिक मानण्याकडे होता; हान्सेन यांचे काम पाहून त्यांनी मत बदलले आणि ही माहिती भारतातील वैद्यकीय वर्तुळात आणली. त्यांचे अहवाल १८७४ व १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच अहवालांत रुग्णांना समाजापासून वेगळे ठेवावे आणि स्त्री-पुरुषांची निवासव्यवस्था स्वतंत्र असावी अशी शिफारस आहे. रोगाचा प्रसार थांबवणे हा तिचा हेतू होता, पण रुग्णांच्या दृष्टीने ती कठोर होती. कार्टर यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही बाजू वगळता येत नाही. १८९०–९१ मध्ये भारतात आलेल्या कुष्ठरोग आयोगाने हा रोग फारसा संसर्गजन्य नाही, असे मत दिले. तरीही १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा झालाच. तो २०१६ मध्ये रद्द झाला.

दुष्काळ, ताप आणि तापमापक

१८७६ मध्ये दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. सोलापूर, सातारा, पुणे, अहमदनगर आणि कलादगी हे जिल्हे होरपळले. बार्शी व वैरागचा मुलूख सोलापूर जिल्ह्यातच येतो. हजारो भुकेली माणसे मुंबईकडे निघाली. १८७७ मध्ये शहरात एका तापाची साथ पसरली. मलेरियाचाच हा एक प्रकार असावा, असे अनेक डॉक्टरांना वाटत होते. कार्टर त्या वेळी गोकुळदास तेजपाल रुग्णालयाचे प्रमुख होते. त्यांनी रुग्णांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात नागमोडी, वेगाने हालणारे जंतू त्यांना दिसले. असे जंतू बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी पूर्वी पाहिले होते. हा उलटणारा ताप भारतात आहे, हे कार्टर यांनी सिद्ध केले.

या शोधात तापमापकाचा वाटा सूक्ष्मदर्शकाइतकाच आहे. पूर्वीचे तापमापक हातभर लांब असत आणि वाचन मिळण्यास वीस मिनिटे लागत. १८६६–६७ मध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी सुमारे सहा इंचांचा, पाच मिनिटांत वाचन देणारा तापमापक आणला. १८६८ मध्ये लाइपझिगचे वुंडरलिश यांनी प्रत्येक रोगात ताप कसा चढतो-उतरतो याचे आलेख मांडले. पण दोन तापमापक वेगवेगळे अंक दाखवू लागले, तर आलेखाला अर्थ उरत नाही. शिवाय काच जुनी होताना आकुंचन पावते, त्यामुळे पाऱ्याच्या तापमापकाचा शून्यबिंदू हळूहळू वर सरकतो. म्हणून लंडनजवळील क्यू वेधशाळेत तापमापक प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिले जात आणि त्यांतील त्रुटी अंशाच्या दशांशापर्यंत नोंदवून प्रमाणपत्र दिले जाई.

उलटणाऱ्या तापात शरीराचे तापमान ९८.४ अंश फॅरनहाइटवरून एकाएकी १०४ ते १०६ पर्यंत जाते. पाच ते सात दिवस टिकून ते घाम फुटून झपाट्याने, कधी नेहमीपेक्षाही खाली उतरते. सुमारे आठवड्याने पुन्हा चढते. कार्टर यांनी तापाचे आलेख आणि रक्ततपासणीच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. ताप चढलेला असताना रक्तात जंतू दिसत. उतरताच ते नाहीसे होत. माकडांना बाधित रक्त टोचून त्यांनी हा क्रम प्रयोगानेही दाखवला. या कामात त्यांना स्वतःलाही हा ताप आला. १८८२ मध्ये त्यांचा स्पायरिलम तापावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे स्टुअर्ट पारितोषिक मिळाले.

अखेरची वर्षे

कार्टर पुढे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १८८७ च्या सुमारास त्यांनी मुंबईतील रुग्णांच्या रक्तात लॅव्हरान यांनी वर्णिलेले मलेरियाचे परोपजीवी पाहिले. हे रोनाल्ड रॉस यांच्या संशोधनापूर्वीचे आहे. १८८८ मध्ये ते निवृत्त होऊन स्कारबरोला परतले. १८९० मध्ये त्यांना राणीचे मानद शल्यचिकित्सक करण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी पुन्हा विवाह केला. त्यांना दोन अपत्ये झाली. १८९७ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या रोजनिश्या लंडनच्या वेलकम ग्रंथालयात आहेत.

उलटणारा ताप एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे कार्टर यांना उलगडले नव्हते. १९०७ मध्ये नाशिक येथील साथीचा अभ्यास करताना पर्सी मॅकी यांनी अंगावरील उवा हा रोग पसरवतात असे दाखवले. भारतात आढळणाऱ्या या जंतूला जुन्या वैद्यकीय ग्रंथांत कार्टर यांच्या नावावरून कार्टेरी असे म्हटले आहे.