पुणे म्युनिसिपालिटीतील जोतीराव

पुण्याच्या मंडईशी आपल्या माळी ज्ञातीचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. शहराच्या आसपासच्या गावांतील कित्येक घरांच्या वडीलधाऱ्यांनी पहाटेच्या अंधारात भाजीपाल्याच्या गाड्या जुंपून तेथे माल उतरविला आणि त्या पैशांवर संसार केले, मुलांची शिक्षणे केली. त्या मंडईस महात्मा फुले यांचे नाव आहे, हे लहान मूलही सांगेल. परंतु तीच मंडई बांधण्याच्या खर्चास नगरपालिकेत स्वतः जोतीरावांनी विरोध केला होता, हे आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांच्या शाळा आणि सत्यशोधक समाज यांविषयी आपण दरवर्षी ऐकतो. या स्मरणिकेत त्यांच्या चरित्रातील हा कमी परिचित भाग सांगावा, असे आम्ही योजिले आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यास फुलांचा व्यवसाय केल्यामुळे फुले झाले. मातोश्री चिमणाबाई लहानपणीच निवर्तल्या. वडील गोविंदराव यांनी लोकांच्या सांगण्यावरून मुलास शाळेतून काढून मळ्यात घातले होते. गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी समजूत घातली म्हणून शिक्षण पुन्हा सुरू झाले. पुढे १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, १८६८ साली आपल्या घराचा हौद अस्पृश्यांस खुला केला आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. बांधकामाची कंत्राटेही ते घेत. तेव्हा नगरपालिकेत गेले ते केवळ बोलके सुधारक नव्हते. दगड, चुना आणि मजुरी यांचा हिशेब जाणणारे गृहस्थ होते.

१८७६ साली सरकारने त्यांस पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद नेमिले आणि १८८२ पर्यंत ते त्या पदावर होते. त्या काळच्या नगरपालिका आजच्यासारख्या नव्हत्या. सभासद मतदारांनी निवडून दिलेले नसत. सरकार प्रतिष्ठित गृहस्थांची नेमणूक करी. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला तोच मुळी १८८२ साली. ज्याची नेमणूक वरिष्ठांच्या मर्जीने झाली, त्याने वरिष्ठांच्या इच्छेस मान डोलवावी, अशीच सर्वसाधारण रीत होती.

जोतीरावांच्या बाण्याची परीक्षा लवकरच झाली. व्हाइसरॉय साहेब पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याची सूचना सभेपुढे आली. जोतीरावांचे म्हणणे असे की, हा पैसा पुण्याच्या लोकांनी कररूपाने दिलेला आहे. तो तोरणापताकांत न घालविता गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणास लावावा. मते घेतली तेव्हा बत्तीस सभासदांत विरुद्ध मत देणारे एकटे जोतीराव निघाले. रक्कम मंजूर झाली, शहर सजले आणि पाहुणे येऊन गेले. मात्र ते एकच विरुद्ध मत आज शंभरांहून अधिक वर्षे लोकांच्या स्मरणात राहिले आहे.

१८८० साली शहरात दारूचे दुकान उघडण्याचा प्रश्न निघाला. जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांस पत्र लिहून हरकत घेतली. त्यांचा युक्तिवाद साधा होता. जी संस्था लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करते, तिच्याच डोळ्यांदेखत लोकांचे आरोग्य आणि संसार दोन्ही धुळीस मिळविणारा धंदा वाढू लागला, तर त्या खर्चाचा उपयोग काय? अबकारीचे उत्पन्न सरकारास प्रिय असताना सरकारनियुक्त सभासदाने असे लिहावे, ही लहान गोष्ट नव्हे.

मंडईचा प्रश्न मात्र इतका सोपा नव्हता. शुक्रवार पेठेत मोठी दगडी मंडई बांधावयाची ठरली. तिचा खर्च लाखांच्या घरातला. जोतीराव स्वतः शेती जाणणारे, भाजीवाल्यांत वाढलेले. बाजाराची सोय नको असे ते कसे म्हणतील? पण लाखो रुपये इमारतीत गुंतविण्यापूर्वी गरिबांच्या मुलांस अक्षर शिकवावे, हा त्यांचा आग्रह होता. हंटर कमिशनपुढे १८८२ साली दिलेल्या निवेदनात त्यांनी हाच विचार मांडला आहे. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सर्व खर्च सोसावा. परंतु शाळांचा कारभार संपूर्णपणे नगरपालिकांच्या हाती न देता त्यावर शिक्षणखात्याची देखरेख राहावी, असे त्यांनी सुचविले. नगरपालिकेच्या आत बसून तिची कुवत आणि तिचे दोष या दोहोंचा अनुभव घेतलेल्या मनुष्याचे हे बोल होते.

‘शेतकऱ्याचा असूड’ हा त्यांचा ग्रंथ १८८३ सालचा. शहरात माल विकावयास आलेल्या शेतकऱ्याच्या पदरात जकात आणि दलाली भागवून जाता काय उरते, याचे चित्र त्यांनी त्यात रेखाटले आहे. मंडई कितीही सुरेख झाली, तरी तिच्यात बसणारा निरक्षर राहिला तर हिशेब दुसऱ्याच्याच हाती राहणार, ही त्यांची दूरदृष्टी होती. विरोध निष्फळ झाला आणि १८८६ च्या सुमारास गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने मंडई उभी राहिली. तिचा लाभ आपल्याच लोकांनी पुष्कळ घेतला, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. म्हणून त्या विरोधाकडे मंडईचा द्वेष या दृष्टीने न पाहता, आधी काय आणि मागून काय, या क्रमाचा तो आग्रह होता असे समजावे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांनी देह ठेविला. १९२५ साली केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत त्यांचा पुतळा उभारण्याची सूचना आणली, तेव्हा गावात मोठे वादळ झाले आणि ती गोष्ट त्या वेळी सिद्धीस गेली नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटास महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या खर्चास त्यांनी विरोध केला त्याच वास्तूवर त्यांचे नाव झळकले. काळाचा न्याय असा विलक्षण असतो!

आज आपल्या ज्ञातीतील बंधुभगिनी गावोगावच्या ग्रामपंचायतींत आणि नगरपालिकांत निवडून जातात, याचा आम्हांस अभिमान वाटतो. त्यांच्या सत्कारास आपण हार-फेटे नेतो, ते योग्यच आहे. परंतु वर्ष सरल्यावर आपण त्यांस दोन प्रश्नही विचारावेत : शाळेच्या गळक्या छपराचा विषय आणि स्वागतकमानीचा विषय एकाच सभेत आला, तेव्हा आपण हात कशासाठी वर केला? आणि बाकी सर्व एका बाजूस असताना एकट्याने वेगळे मत देण्याचा प्रसंग आला तर आपण काय केले? त्यांनी तसे केले असेल, तर मत हरले म्हणून त्यांस बोल लावू नये. त्यांच्या पाठीशी उभे राहावे. जोतीरावांच्या तसबिरीस घातलेल्या हारापेक्षा ही पूजा त्यांस अधिक मानवेल, अशी आमची श्रद्धा आहे.