कालावाओचे फादर डेमियन

भुकेल्याला भाकरी देणे तसे सोपे असते. त्याच्या शेजारी मांडी घालून त्याच्याच ताटातला घास घेणे मात्र अवघड. दया करणारा नकळत एक पायरी वर उभा राहतो आणि दया स्वीकारणाऱ्याला मान खाली घालावी लागते. म्हणूनच पुष्कळ दया मिळूनही माणूस अपमानितच राहतो, असे जगात वारंवार घडते. ख्रिस्ती धर्माने देवावर प्रेम करण्याची आज्ञा आणि शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा अशा दोन्ही आज्ञा जोडीने सांगितल्या आहेत. देवाचा मान राखायचा तर माणसाचा मान राखल्यावाचून गत्यंतर नाही, असाच त्या जोडीचा अर्थ होतो. हा अर्थ ज्यांनी ग्रंथातून समजावून सांगितला असे विद्वान अनेक झाले. ज्याने तो आपल्या देहावर झेलला असा एक साधा, फारसा न शिकलेला माणूस एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव फादर डेमियन.

डेमियन यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील त्रेमेलो या खेड्यात झाला. घरचे नाव जोसेफ द व्हॉयस्टर. वडील शेती व धान्याचा व्यापार करीत. धट्टाकट्टा जोसेफ पुढे हाच व्यापार सांभाळील अशी त्यांची अपेक्षा होती. पण थोरल्या भावाच्या पावलावर पाऊल टाकून जोसेफ १८५९ साली लूव्हाँ येथे येशू व मरियेच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाला. त्याला लॅटिन येत नव्हते. त्यामुळे तो धर्मगुरू होण्यास लायक नाही असेच वरिष्ठांचे प्रथम मत झाले. भावाने फावल्या वेळात शिकवले आणि जोसेफने हट्टाने लॅटिन आत्मसात केले. संघात त्याने 'डेमियन' हे नाव धारण केले व ७ ऑक्टोबर १८६० रोजी अखेरची व्रते घेतली. त्या विधीत व्रत घेणाऱ्याला जमिनीवर पालथे निजवून त्याच्या अंगावर प्रेतावर घालायचे वस्त्र पसरीत. आजपासून हा जगाला मेला, असा त्याचा अर्थ. या विधीची आठवण त्यांना जन्मभर राहिली, आणि पुढे ती अक्षरशः खरी ठरली.

१८६३ मध्ये त्यांच्या भावाची हवाई बेटांवर धर्मकार्यासाठी निवड झाली. परंतु ऐन वेळी तो तापाने अंथरुणाला खिळला. डेमियन यांनी स्थानिक वरिष्ठांना न विचारता थेट पॅरिसला पत्र धाडले आणि भावाच्या जागी स्वतःला पाठवण्याची विनंती केली. विनंती मान्य झाली. १९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलूला उतरले आणि दोनच महिन्यांनी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. पुढची नऊ वर्षे त्यांनी हवाईच्या मोठ्या बेटावर डोंगरदऱ्या तुडवीत, स्थानिक भाषा शिकत आणि स्वतःच्या हातांनी चर्चे बांधीत घालवली. सुतारकामाचा हा सराव त्यांच्या पुढे फार उपयोगी पडला.

त्या काळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या देवी, गोवर यांसारख्या रोगांनी तेथील प्रजा झपाट्याने घटत होती. त्यातच कुष्ठरोगाची भर पडली. १८६५ साली राज्याने कायदा केला, की या रोगाची लागण झालेल्या माणसाला कुटुंबापासून तोडून वेगळे ठेवावे. त्यासाठी मोलोकाई बेटाच्या उत्तरेकडचे एक द्वीपकल्प निवडण्यात आले. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सहाशे मीटरांहून उंच कडा. नैसर्गिक तुरुंगच तो! ६ जानेवारी १८६६ रोजी पहिले रोगी तेथे उतरवण्यात आले. आईपासून मूल, नवऱ्यापासून बायको तोडली जाऊ लागली. या रोगाच्या आधारे जोडीदाराला घटस्फोट मिळण्याची सोयही कायद्याने करून ठेवली. हवाईयन लोकांनी या आजाराला नावच दिले 'ताटातूट करणारा रोग'. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसे त्या कड्याखाली पाठवण्यात आली.

डेमियन येण्यापूर्वी तेथे केवळ अंदाधुंदी होती, असे चित्र पुष्कळ चरित्रांतून रंगवले जाते. ते पूर्ण खरे नाही. रोग नसतानाही आपल्या माणसासाठी स्वखुशीने तेथे येऊन राहिलेले नातेवाईक होते. पहिल्या काही रोग्यांनी एकत्र येऊन आपली प्रॉटेस्टंट मंडळीही स्थापन केली होती. पण घरे अपुरी, पाणी दूर, औषध जवळजवळ नाहीच, आणि मेलेल्याची विटंबना, ही स्थिती मात्र खरी होती. प्रेते उथळ खड्ड्यांत पुरली जात आणि जनावरे ती उकरून काढीत.

१८७३ च्या मे महिन्यात बिशप मेग्रे यांनी आपल्या धर्मगुरूंपुढे हा प्रश्न मांडला. चौघे तरुण पुढे आले. त्यांनी आळीपाळीने जावे असे ठरले आणि पहिली पाळी डेमियन यांची आली. १० मे रोजी ते कालावाओला पोचले तेव्हा त्यांचे वय तेहतीस वर्षांचे होते. राहायला घर नव्हते, म्हणून चर्चजवळच्या केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली त्यांनी पहिल्या रात्री काढल्या. थोड्याच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळवून टाकले, की पाळी बदलण्याची गरज नाही, मी इथेच राहतो.

त्यांनी कामाला सुरुवात कोठून केली हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ती स्मशानापासून केली! त्यांनी दफनभूमीला कुंपण घातले, खोल कबरी खणल्या, आणि हातात करवत घेऊन शवपेट्या बनवल्या. अंत्ययात्रेला ढोल आणि गाणी आली. मेल्यावर आपली हेळसांड होणार नाही, कोणीतरी आपल्याला नावाने निरोप देईल, एवढा भरवसा मिळाल्यावर जिवंत माणसेही ताठ उभी राहू लागली. त्यानंतर घरे झाली. दरीतले पाणी नळाने वस्तीपर्यंत आले. अनाथ मुलामुलींसाठी वसतिगृहे निघाली, चर्च मोठे झाले, वाद्यवृंद उभा राहिला. या सर्व कामांत रोग्यांचे हात होते, कारण ज्याच्या हाताला काम आहे त्याला भिकारी वाटत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला शिकवावे लागले नाही.

रोग्यांना स्पर्श करू नकोस, असे बिशपांनी त्यांना बजावले होते. ती आज्ञा त्यांनी पाळली नाही, किंबहुना ती पाळता येण्याजोगी नव्हती. मरणाऱ्याच्या कपाळाला पवित्र तेल लावायचे ते दुरून कसे लावणार? जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या त्या कशा? जखमांच्या दुर्गंधीने सुरुवातीला त्यांचा जीव गुदमरे, म्हणून ते पाइप ओढू लागले. पुढे तोच पाइप रोग्यांच्या हातात जाऊन परत येई. रोग्यांच्या सामाईक भांड्यात बोटे बुडवून ते त्यांच्याबरोबर पोई खात. प्रवचनात आपण 'तुम्ही रोगी' असे न म्हणता रोग्यांत स्वतःलाही धरून बोलतो, असे त्यांनी पहिल्याच वर्षी भावाला कळवले होते. आपल्या मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत जो भेद आहे, तसाच भेद हवाईयन भाषेतही आहे. श्रोत्याला वगळणारे 'आम्ही' वेगळे आणि श्रोत्याला कवेत घेणारे 'आपण' वेगळे. डेमियन यांनी 'आपण'चा मार्ग धरला, आणि त्यासाठी जी किंमत पडेल ती देण्याची तयारी ठेवली.

ती किंमत अकरा वर्षांनी वसूल झाली. १८८४ च्या अखेरीस एकदा अतिशय गरम पाण्यात पाय बुडूनही त्यांना वेदना जाणवली नाही. कातडीवर फोड आले तेव्हा त्यांना काय ते उमगले. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी या रोगाचे जंतू शोधून काढले ते वर्ष १८७३, म्हणजे डेमियन कालावाओला आले तेच. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या रोगाला थोपवण्याची उपजत शक्ती असते आणि औषधांनी तो पूर्ण बरा होतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. डेमियन यांच्या काळी त्यावर इलाज नव्हता.

त्यांना संत म्हणताना त्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. ते हट्टी होते, तापट होते, आपल्या पंथाचे कडवे अभिमानी होते. एक काम पुरे होण्याआधी दुसरे हाती घेत. परदेशांतून, त्यातही लंडनच्या एका अँग्लिकन धर्मोपदेशकाकडून, त्यांच्या नावे देणग्या येऊ लागल्या तेव्हा त्यांच्याच संघातील वरिष्ठांना ते प्रसिद्धीचे भुकेले वाटू लागले. सोबतीला दुसरा धर्मगुरू मिळावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे विनवण्या केल्या. जे आले त्यांच्याशीही नेहमी जमले असे नाही. कोठलेही धर्मव्रत न घेतलेला अमेरिकन सैनिक जोसेफ डटन १८८६ साली आला आणि १९३१ पर्यंत सेवेत राहिला. मदर मरियान कोप आणि त्यांच्या भगिनी १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये द्वीपकल्पावर आल्या. आपले काम आता आपल्या मागे चालेल याची खात्री पटल्यावर, १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी डेमियन यांनी डोळे मिटले. पहिल्या रात्री ज्या झाडाखाली ते निजले होते त्याच झाडाखाली त्यांना पुरण्यात आले.

मृत्यूनेही त्यांची निंदा थांबली नाही. होनोलुलूचे एक प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक रेव्हरंड हाइड यांनी एका पत्रात त्यांना गलिच्छ आणि अडाणी ठरवले, शिवाय त्यांच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले. ते पत्र छापून आले. 'ट्रेझर आयलंड'चे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन डेमियन यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनी मोलोकाईला जाऊन आले होते. ते स्वतः प्रॉटेस्टंट. १८९० साली त्यांनी हाइड यांना जाहीर पत्र लिहून या आरोपांचा समाचार घेतला. डेमियन यांचे दोष त्यांनी नाकारले नाहीत, पण बाकीचे सारे सुखरूप घरात बसले असताना तेथे कोण गेले, हा प्रश्न त्यांनी जगापुढे ठेवला. दुसऱ्यांचा मान राखणाऱ्याचा स्वतःचा मान राखायला असे परके धावून आले.

या जीवनाचा धागा आपल्या देशापर्यंतही येतो. डेमियन यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये निधी उभारला गेला आणि त्यातून १८९०-९१ मध्ये कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी एक आयोग हिंदुस्थानात आला. हा रोग फारसा संसर्गजन्य नाही आणि सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही १८९८ साली येथे कुष्ठरोग्यांसंबंधी कायदा झालाच. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांतून वगळले गेले ते थेट २०१९ मध्ये. हवाईमध्ये तर सक्तीचे विलगीकरण १९६९ सालीच संपले होते. रोगावर औषध सापडले तरी मनातली भिंत पडायला केवढा काळ लागतो, हे यावरून दिसते.

डेमियन यांचा देह १९३६ साली मोठ्या इतमामाने बेल्जियमला नेण्यात आला. २००९ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद दिले. या दोन सोहळ्यांच्या मध्ये, १९९५ साली, एक लहानशी गोष्ट घडली. त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष कालावाओच्या मूळ कबरीत परत आणून ठेवण्यात आले. देह मायदेशाला मिळाला, हात मात्र रोग्यांच्या वाट्याला आला. त्याच हाताने पेट्या ठोकल्या होत्या, जखमा बांधल्या होत्या, सामाईक भांड्यातला घास उचलला होता.

आपल्यातला प्रत्येक जण काही मोलोकाईला जाणार नाही. परंतु आपल्या गावात, आपल्या वर्गात, आपल्या घरातही कोणी ना कोणी कड्याखाली लोटलेला असतोच. त्याला मदत करण्याचा प्रसंग येईल तेव्हा आपण त्याच्याशी 'तुम्ही' म्हणून बोलतो की 'आपण' म्हणून, एवढे जरी तपासले तरी या चरित्राचे वाचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.