जेम्स मार्श : न दिसणारे आर्सेनिक दाखवणारे रसायनतज्ज्ञ

पाण्यातल्या आर्सेनिकला रंग, वास किंवा चव नसते. मग तुमच्या हातपंपाच्या पाण्यात ते आहे का, हे कसे ओळखणार? याचे उत्तर जेम्स मार्श (१७९४–१८४६) यांच्याकडे जाते.

मार्श इंग्लंडमधील वुलिच येथील शस्त्रागारात रसायनतज्ज्ञ होते. १८३३ मध्ये आजोबांना कॉफीतून आर्सेनिक दिल्याचा आरोप एका तरुणावर आला. मार्श यांना विष सापडले, पण खटल्यापर्यंत नमुना बिघडला आणि आरोपी सुटला. पुढे त्याने गुन्हा कबूल केला. ही गोष्ट मार्श यांच्या मनाला लागली. १८३६ मध्ये त्यांनी नवी चाचणी मांडली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घातले की आर्सेनिकचा वायू बनतो. तो पेटवून ज्योतीवर थंड काच धरली की काळा, चकचकीत डाग पडतो. त्यांना सुवर्णपदक मिळाले, पण मृत्यूनंतर कुटुंबाच्या वाट्याला गरिबीच आली.

आज बांगलादेश आणि पश्चिम बंगालमध्ये कूपनलिका तपासण्याचे अनेक किट याच तत्त्वावर चालतात. तोच वायू कागदाच्या पट्टीवर पिवळा ते तपकिरी डाग पाडतो.

तुम्ही अशा भागात राहत असाल तर लक्षात ठेवा:

• सुरक्षित मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे.
• उकळल्याने आर्सेनिक जात नाही.
• शेजारची कूपनलिका चांगली निघाली, तरी तुमची वेगळी तपासा.
• किटचा निकाल अंदाजे असतो. प्रयोगशाळेतून खात्री करा.
• तळहात-तळपायांची त्वचा जाड झाली किंवा अंगावर काळे-पांढरे ठिपके आले, तर डॉक्टरांना दाखवा.