ज्ञातिबंधू बाबा पदमनजी

आमच्या कासार ज्ञातीत होऊन गेलेल्या कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे या स्मरणिकेत दरवर्षी येत असतात. त्या मालिकेसाठी यंदा आम्ही बाबा पदमनजी मुळे यांचे नाव सुचविले, तेव्हा मोताळ्याच्या बैठकीत एका वडीलधाऱ्या बंधूंनी हरकत घेतली. ज्याने आपला धर्म सोडला तो आपला कसा, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याच्या हेतूनेच हे अल्प चरित्र आम्ही समाजबांधवांपुढे ठेवीत आहोत.

बाबांचा जन्म मे 1831 मध्ये बेळगाव येथे झाला. वडील सरकारी नोकरीत होते. घर सुखवस्तू, तसेच मोठे भाविक. व्रतवैकल्ये, पोथीवाचन, देवदर्शन यांतच बाबांचे बालपण गेले. पुढे ज्या धर्मावर त्यांनी टीका केली, तो त्यांनी लांबून पाहिलेला नव्हता, हे प्रथम ध्यानात ठेवले पाहिजे.

बेळगावच्या मिशन शाळेत आरंभीचे शिक्षण झाल्यावर ते मुंबईस गेले व तेथे फ्री चर्चच्या शाळेत शिकू लागले. नारायण शेषाद्री या ब्राह्मण कुळातील ख्रिस्ती विद्वानांचा सहवास त्यांस याच काळात घडला. आपल्या बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत पुढे ज्यांनी उभारली, तेच हे शेषाद्री.

तो काळ मोठ्या वैचारिक खळबळीचा होता. मुंबईत 1849 मध्ये दादोबा पांडुरंग प्रभृतींनी परमहंस मंडळी स्थापन केली होती. देव एक आहे व जातिभेद खोटा आहे, असे ही मंडळी मानीत. परंतु सारे गुप्तपणे चाले. बंद दाराआड पाव खावा आणि बाहेर येऊन पुन्हा जातीचे नियम पाळावेत, असा तो प्रकार होता. बाबाही त्या मंडळीत गेले. मात्र तेथे ते थांबले नाहीत. जे मनाने सत्य मानले ते चारचौघांत सांगण्याचे धैर्य त्यांनी केले, आणि 3 सप्टेंबर 1854 रोजी बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. मुंबईपुण्याच्या अनोळखी गर्दीत न घेता तो त्यांनी जन्मगावी, आप्तस्वकीयांच्या डोळ्यांसमोर घेतला. त्या काळी धर्म सोडणाऱ्यास घर, पंगत आणि सोयरीक एका दिवसात तुटत असे. वडीलधाऱ्या मंडळींच्या मनास काय यातना झाल्या असतील, याचीही कल्पना आम्ही करू शकतो.

पुढील अर्धशतक बाबांनी लेखणी खाली ठेवली नाही. मूर्तिपूजा मानणारे हिंदू, केवळ बुद्धीवर विश्वास ठेवणारे शंकेखोर, एक देव मानूनही कोणतेच शास्त्र ईश्वरदत्त न मानणारे सुधारक, या सर्वांशी त्यांनी वाद केला. या साऱ्या मुक्कामांवरून ते स्वतः गेलेले असल्यामुळे प्रतिपक्षाचे मन त्यांस ठाऊक असे. ख्रिस्ती बांधवांसाठी त्यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. ज्या धर्मात आपण आलो तो मायबोलीतून समजला पाहिजे, ही त्यामागील तळमळ होय.

या लिखाणाशी आम्ही सहमत आहोत असे कोणी समजू नये. त्यांनी कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना केली, ती आमच्यासारख्या माळकरी घरातील माणसास आजही बोचते. त्यांची भाषा काही ठिकाणी फार कडक आहे. परंतु त्या वेळी उत्तरे देणारेही समर्थ होते. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. धर्माचा वाद लाठीने न करता युक्तिवादाने करावा, ही रीत उभय पक्षांनी घालून दिली. प्रश्न विचारणाऱ्यामुळे आपल्यालाही आपला धर्म पुन्हा वाचावा लागतो, हा त्यातील लाभ आहे.

त्याच 1857 साली बाबांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी म्हणून अनेक अभ्यासक तिचा निर्देश करतात. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा एकच वर्ष लोटले होते. यमुना आपल्या पतीसह प्रवास करीत ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते आणि अखेर तीच दशा तिच्या वाट्याला येते. ग्रंथाचा शेवट ख्रिस्ती धर्मस्वीकारात होतो. परंतु केशवपनाची व कोंडमाऱ्याची जी वर्णने त्यात आहेत, ती सर्व धर्मांच्या वाचकांस खाली मान घालावयास लावणारी आहेत. आमच्या आजीच्या पिढीतील किती स्त्रियांचे आयुष्य तसेच गेले, हे प्रत्येक घराने आपल्याशीच आठवून पाहावे.

याशिवाय त्यांनी कोश रचले, ‘सत्यदीपिका’ व ‘कुटुंबमित्र’ ही नियतकालिके चालविली आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. लहानमोठी शंभरांवर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. 29 ऑगस्ट 1906 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाबा हे त्यांचे नाव आणि पदमनजी हे त्यांच्या वडिलांचे. धर्म बदलला तरी त्यांनी इंग्रजी नाव धारण केले नाही. ज्या घराने त्यांना वाढविले, त्या घराच्या कर्त्या पुरुषाचे नाव त्यांनी आपल्या ग्रंथांवर अखेरपर्यंत मिरविले. त्यांनी आपल्याला सोडले, असे आपण म्हणतो. परंतु वडिलांचे नाव त्यांनी सोडले नाही. मग त्यांचे नाव या स्मरणिकेतून आपण का गाळावे?

आपल्या घरातूनही एखादा मुलगा वा मुलगी उद्या निराळे मत घेऊन उभी राहील. तिच्याशी वाद अवश्य करावा, परंतु दार लावून घेऊ नये, एवढेच आमचे समाजबांधवांस नम्र सांगणे आहे.