माश्यांचा पिंजरा आणि पॉल म्युलर

पॉल म्युलर यांचा जन्म १२ जानेवारी १८९९ रोजी स्वित्झर्लंडमधील ओल्टन येथे झाला. रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून १९२५ मध्ये ते बाझलच्या गायगी कंपनीत रुजू झाले. कीटकांना मारणारे, पण माणसाला फारसा अपाय न करणारे, स्वस्त आणि टिकाऊ औषध त्यांना हवे होते. चार वर्षे ते पिंजऱ्यात माश्या सोडून एकेक रसायन तपासत राहिले. शेकडो रसायने निकामी ठरली. १९३९ मध्ये एका रसायनाने माश्या मेल्या. पिंजरा धुतल्यावर सोडलेल्या नव्या माश्याही मेल्या. ते होते डीडीटी. ते १८७४ मध्येच तयार झाले होते, पण त्याचा हा गुण कोणाला ठाऊक नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात नेपल्समधील टायफसची साथ आटोक्यात आणताना उवा मारण्यासाठी हीच पावडर वापरली गेली. पुढे हिवतापाविरुद्ध घरांच्या भिंतींवर तिची फवारणी झाली. डॉक्टर नसूनही म्युलर यांना १९४८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र टिकाऊपणाच पुढे दोष ठरला. डीडीटी मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत साठत गेले. शिवाय माश्या आणि पुढे झुरळेही त्याला दाद देईनाशी झाली. म्युलर १९६५ मध्ये निवर्तले.

औषधातून वाचलेल्या झुरळांचीच पिल्ले वाढतात. म्हणून केवळ फवाऱ्यावर विसंबू नये. रात्री ओटा कोरडा ठेवावा, खरकटे झाकावे, फटी बुजवाव्यात. झुरळांचे जेल सिंकखाली आणि बिजागऱ्यांपाशी ठिपक्यांनी लावावे. त्यावर फवारा मारू नये.