अंदाज चुकविणारा मल्ल : खाशाबा जाधव

कुस्ती सुरू होण्याआधीच ती कोण मारणार हे सांगण्याची खोड मला माझ्या आजोबांकडून लागली. आम्ही त्यांना आबाजी म्हणत असू. पारशिवनीच्या आसपास कुठेही आमदंगल असली की आबाजी खांद्यावर दुपट्टा टाकून निघत आणि मी त्यांच्या मागे. हलगी वाजू लागली, जोड आखाड्यात उतरली, की ते माझ्या कानाशी वाकून नाव सांगत. मल्लाची मान, मांडी, चुरगळलेले कान, माती अंगाला लावताना त्याचा श्वास कसा चालतो, हे सारे ते पाहत. दहापैकी सहा-सात वेळा त्यांचे बरोबर येई. उरलेल्या तीन-चार वेळा ते पंचाला दोष देत.

पुढे मी एक वही केली. जोडीची नावे, अंदाजे वजन, उंची, माझा अंदाज आणि शेजारी निकाल. आज माझे मित्र मोबाइलवर जाळीच्या पिंजऱ्यातल्या मिश्र लढती पाहतात. कोणाचा हात लांब, कोण मागच्या लढतीत हरला, कोणाला जमिनीवरची पकड येते आणि कोणाला नुसता ठोसा, याचा हिशेब मांडून ते रात्री उशिरापर्यंत वाद घालतात. त्यांचे आणि माझे वेड एकच. फरक इतकाच, की त्यांच्यापाशी आकड्यांचे ढीग असतात आणि आबाजींपाशी नुसते डोळे होते.

ही वही मी गेल्या वर्षी बंद केली. तिचे कारण ज्यांचे चरित्र मी पुढे सांगणार आहे त्या माणसात आहे, आणि थोडे माझ्यातही आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात कुस्ती होतीच, तेव्हा पोर पाचव्या वर्षीच मातीत लोळू लागले यात नवल नाही. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. १९४२ च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचविणे ही कामे या शाळकरी मुलाने केली. त्या भागात तेव्हा ते काही अपूर्व नव्हते. सातारा जिल्हाच पेटलेला होता.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापुरास राजाराम महाविद्यालयात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, खासबागेचे मैदान १९१२ साली उभे केले, आणि तेव्हापासून त्या गावात पहिलवान ओळखण्याची नजर रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना असते असे म्हणतात. अशा गावात खाशाबा आले ते कसे? उंची पाच फूट पाच इंच. अंग किरकोळ. लाल मातीत ज्याला पहिलवान म्हणतात त्याची जी मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे येते, तिच्याशी त्यांचे काडीचे साम्य नव्हते.

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला ते गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या अंगकाठीकडे पाहूनच नकार दिला. खाशाबा तडक प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली. त्यानंतर एकामागून एक प्रतिस्पर्धी खाली जात राहिले, त्यांत त्यांच्याहून धिप्पाड गडीही होते.

हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा क्षणभर पुस्तक मिटले. त्या क्रीडाशिक्षकाने काही कपट केले नव्हते. त्याने फक्त अंदाज केला होता. शरीर पाहून केला होता, आबाजी करीत तसा, मी करतो तसा. कोणत्याही तालमीत शंभरांतल्या नव्वद माणसांनी तोच केला असता.

खाशाबांचा खरा हत्यार होता तो ढाक. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला कवळ घालून त्याला कमरेवरून खाली आणण्याचा हा डाव. यात ताकदीपेक्षा वेळ साधावी लागते. समोरच्याचा तोल ज्या पावलावर आहे ते पाऊल उचलले जाण्याच्या क्षणी हात गेला पाहिजे. अर्ध्या क्षणाचा उशीर झाला तर आपणच खाली. लहान अंगाच्या माणसाला हा डाव शोभतो, कारण तो समोरच्याचेच वजन त्याच्यावर उलटवितो. बाहेरून पाहणाऱ्याला मांडी दिसते, दंड दिसतो; ही वेळ साधण्याची जाण मात्र दिसत नाही. वहीत तिचा रकाना घालता येत नाही.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाच्या खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला. लंडनला गेल्यावर कळले की इथे माती नाही, गादी आहे. मातीतल्या आणि गादीवरच्या कुस्तीतला फरक ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो. मातीत पाठ लागेपर्यंत कुस्ती चालू, मग अर्धा तास होवो की पाऊण. गादीवर घड्याळ असते, गुण असतात, आणि पाठ न लागताही माणूस हरतो. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे थोडे मार्गदर्शन केले. तेवढ्या शिदोरीवर खाशाबांनी फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरविले, इराणच्या मन्सूर रईसीपुढे हरले आणि सहावे आले. पहिल्यांदा गादीवर उतरलेल्या गड्याचा हा सहावा क्रमांक! परंतु आपल्या देशात तेव्हा कोणी त्याची विशेष दखल घेतली नाही.

पुढची चार वर्षे त्यांनी तयारीत घालविली. एक वजनगट वर चढून ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची निवड मात्र सरळ झाली नाही. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत गुण देताना आपल्यावर अन्याय झाला अशी त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले. महाराजांनी पुन्हा जोड लावून दिली आणि खाशाबांनी ती जिंकली. गुणपत्रिकेवरचा वाद त्यांनी आखाड्यातच मिटविला.

निवड झाली, पण पैसा नव्हता. सरकारकडे मागितलेली मदत वेळेवर हाती आली नाही. गोळेश्वरच्या लोकांनी घरोघर फिरून जमेल ते गोळा केले. तरी पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! एका माजी विद्यार्थ्याच्या कुस्तीवर घर लावणारा प्राचार्य हा माझ्या दृष्टीने या कथेतला सर्वांत धाडसी अंदाजदार आहे. आम्ही अंदाज बांधतो तेव्हा फार तर चहाची पैज हरतो. (आमच्या प्राध्यापकांनी हा परिच्छेद वाचून घाबरून जाऊ नये.)

हेलसिंकीत भारताची सारी नजर हॉकीकडे होती. १९२८ पासून हॉकीचे सुवर्णपदक आपल्याकडेच येत होते, आणि ते पुन्हा येणार हे शाळकरी पोरही सांगू शकले असते. २४ जुलै १९५२ रोजी ते आलेही. हॉलंडचा सहा विरुद्ध एक असा पराभव झाला. कुस्तीबद्दल कोण काय सांगणार?

त्या काळी ऑलिंपिकच्या कुस्तीत एकदा हरले म्हणजे संपले असे नसे. दंडाचे गुण साठत जात आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की मल्ल बाद होई. खाशाबांनी कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरविले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. इशी मूळचा जुदोतला. जुदो सोडून तो कुस्तीत आलेला, म्हणजे दोन विद्यांचा मल्ल. ही लढत लांबली, आणि खाशाबा ती हरले. दमलेल्या खाशाबांना लगोलग रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढण्यासाठी बोलाविण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता असे सांगतात. परंतु तो नियम पंचांपुढे मांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. खाशाबा उतरले आणि हरले.

इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. दिवस २३ जुलै १९५२. म्हणजे ज्यांच्यापुढे ते हरले ते दोघेच त्यांच्या वर होते. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. हॉकीच्या सुवर्णाच्या आदल्याच दिवशी आलेले. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे वरच्या वजनगटात चौथे आले. पदक अगदी थोडक्यात हुकले आणि नाव विस्मरणात गेले.

त्या अर्ध्या तासाचा विचार माझ्या मनातून जात नाही. ती विश्रांती मिळाली असती तर? माझी वही इथे निरुपयोगी आहे. तीत मल्लाचे वजन लिहिले जाते. त्याच्या बाजूने बोलायला गादीच्या काठाशी कोणी उभे आहे की नाही, हे लिहिले जात नाही.

खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत एकशे एक्कावन्न बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासाची वाट, त्या दिवशी तिला सात तास लागले. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी काय केले असेल? कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लढले, जिंकले, आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदकापेक्षा मला ही कुस्ती मोठी वाटते. तिची नोंद ऑलिंपिकच्या कोणत्याच दप्तरात नाही.

यापुढचा भाग फार लवकर सांगून होतो, आणि तेच त्यातले दुःख आहे. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या वाटेत गुडघ्याची दुखापत आडवी आली. सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी केली, खात्यातल्या मुलांना कुस्ती शिकविली, साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. घर बांधताना पत्नीचे दागिने विकावे लागले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी मशाल हाती घेऊन धावणाऱ्यांत ते होते, एवढाच काय तो उजेड. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठावन्न.

अर्जुन पुरस्कार २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी लागले. त्यांच्या पदकानंतर देशाला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, तेही टेनिसमध्ये लिअँडर पेसला. कुस्तीतले पुढचे पदक २००८ मध्ये आले. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेला, नेमबाजीत. बहात्तर वर्षे! आखाड्याबाहेर बसून अंदाज सांगणाऱ्यांची मात्र या काळात कधीच वाण पडली नाही.

आता वहीची गोष्ट. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कुस्तीसाठी नावे काढायची होती आणि कुस्तीतले मला कळते असा लौकिक असल्याने माझे मत विचारले गेले. पहिल्या वर्षाचा एक मुलगा आला होता. पेंच नदीकाठच्या खेड्यातला, शेतमजुराचा. बारीक, खांदे पडलेले, कान अजून कोवळे. मी त्याला एकदाही लढताना पाहिले नाही. वही उघडली, वजन-उंची लिहिली, शेजारी शून्य काढले आणि माझे मत सांगितले. त्याचे नाव गेले नाही. तो काही बोलला नाही. चपला घातल्या आणि बसथांब्याकडे गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी ग्रंथालयात मला राजाराम महाविद्यालयातला तो प्रसंग सापडला. त्या दिवशी प्राचार्यांच्या दारापर्यंत जाण्याची हिंमत खाशाबांत होती. सगळ्यांत ती कुठून असणार?

यंदाचे अर्ज सुटले तेव्हा मी एक अर्ज घेऊन त्या मुलाच्या घरी गेलो. तो बैलांना पाणी पाजत होता. त्याच्या आईने मला खाटेवर बसविले, चहा दिला. त्याने अर्ज घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी करून खिशात ठेवला आणि पुन्हा बैलांकडे गेला. शेवटच्या तारखेला अजून चार दिवस आहेत. तो भरील की नाही, याचा अंदाज मी केलेला नाही.