नामदार गोखले आणि सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक

गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आज बहुधा दोन संदर्भांत घेतले जाते. महात्मा गांधींनी ज्यांना राजकीय गुरू मानले ते गोखले, आणि टिळकांशी ज्यांचे पटले नाही ते नेमस्त गोखले. या दोन ओळखींच्या मध्ये त्यांच्या आयुष्यातील एक मोठा लढा झाकला गेला आहे. प्रत्येक मुलाला सरकारी खर्चाने शाळेत बसता यावे, यासाठी त्यांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात दोन वर्षे झुंज दिली आणि मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ती गमावली. शाळांचा पैसा कोणी द्यावा, किती द्यावा, शिक्षक कसे असावेत आणि सक्ती करण्याचा अधिकार कोणाला, हे सारे प्रश्न त्या पराभवाच्या निमित्ताने हिंदुस्थानच्या कायदेमंडळात प्रथमच सविस्तर मांडले गेले.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवले. एकाने शिकावे म्हणून दुसऱ्याने शाळा सोडावी, हा हिशेब त्या काळच्या असंख्य घरांत मांडला जात होता. गोखल्यांनी तो आपल्याच घरात पाहिला होता. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये ते पदवीधर झाले.

पदवीनंतर सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा असताना त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची जागा पत्करली. लवकरच ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे, ही या सदस्यत्वाची अट होती. गणित, इंग्रजी, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र असे जे विषय वाट्याला आले ते त्यांनी शिकवले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले. फर्ग्युसन कॉलेजच्या इमारतीसाठी सुट्ट्यांमध्ये गावोगाव फिरून वर्गणी गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि शिक्षणसंस्था उभी करायची म्हणजे किती दारे ठोठवावी लागतात, हे त्यांना स्वानुभवाने कळले.

शिक्षकाने किती घ्यावे आणि किती द्यावे, हा वादही त्यांनी जवळून अनुभवला. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरचे कोणतेही काम करू नये व ठरलेल्या वेतनापलीकडे अपेक्षा ठेवू नये, असा टिळकांचा कटाक्ष होता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा या मतभेदाला धार आली आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. गोखले राहिले आणि त्यांनी आपली मुदत पूर्ण केली. १९०२ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे निवृत्तिवेतन दरमहा तीस रुपये होते.

त्याच वर्षी ते वरिष्ठ कायदेमंडळात दाखल झाले. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली आकडे वाचण्याची आणि पडताळण्याची जी शिस्त त्यांना लागली होती, ती येथे उपयोगी पडली. सरकारच्या तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक पडत असताना मिठावरील कर कायम राहतो, लष्करावरील खर्च वाढतो आणि प्राथमिक शाळांना मात्र किरकोळ रक्कम मिळते, ही विसंगती त्यांनी अंदाजपत्रकावरील भाषणांतून दरवर्षी दाखवून दिली. सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवण्याची त्यांची रीत अशी होती की, उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यांना तयारी करूनच सभागृहात यावे लागे.

प्राथमिक शिक्षणाची मागणी गोखल्यांनी शून्यातून निर्माण केली नव्हती. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी बारा वर्षे वयापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. शेतकऱ्याच्या घामातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, ही त्यांची तक्रार होती. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यभर लागू केला. गोखल्यांच्या दृष्टीने हा फार मोलाचा पुरावा होता. हिंदी लोकांवर सक्ती चालणार नाही, असे म्हणणाऱ्यांना शेजारच्याच संस्थानाकडे बोट दाखवता येत होते.

१९ मार्च १९१० रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने पावले टाकावीत, असा ठराव मांडला. त्यावेळी ब्रिटिश हिंदुस्थानात शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या दोन टक्क्यांनाही पोहोचत नव्हते. इंग्लंडने १८७० मध्ये या कामाला हात घातला, १८८० मध्ये हजेरी सक्तीची केली आणि १८९१ मध्ये फी काढून टाकली. जपानने १८७२ पासून तोच मार्ग धरला. अमेरिकेच्या ताब्यात येऊन फारशी वर्षे न झालेल्या फिलिपाइन्समध्येही शाळांचा विस्तार वेगाने होत होता. हे सारे दाखले त्यांनी सभागृहापुढे ठेवले. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले, तेव्हा त्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी स्वतंत्र शिक्षणखाते निघाले आणि सर हारकोर्ट बटलर त्याचे प्रमुख झाले. मूळ प्रश्न मात्र जागचा हलला नाही. म्हणून १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी विधेयकच मांडले.

हे विधेयक वाचताना आजच्या वाचकाला नवल वाटते ते त्यातील सावधपणाचे. सक्ती देशभर एकदम लागू होणार नव्हती. ज्या नगरपालिकेच्या किंवा जिल्हा मंडळाच्या हद्दीत मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत जात असेल, तिलाच हा कायदा आपल्या भागात लागू करता येणार होता. ते प्रमाण किती असावे, हे सरकारनेच ठरवायचे होते. शिवाय प्रांतिक सरकारची पूर्वसंमती हवी होती. सक्ती सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांपुरती होती आणि मुलींना ती पुढे लावण्याची सोय होती. दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घ्यायची नव्हती. स्थानिक संस्थांना शिक्षणकर बसवता येणार होता. खर्चाचा एक तृतीयांश भाग त्यांनी उचलावा आणि दोन तृतीयांश सरकारने द्यावा, अशी गोखल्यांची योजना होती. सरकारी वाट्याचा पैसा कोठून आणायचा, याचेही उत्तर त्यांच्यापाशी होते. आयात मालावरील जकात पाच टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर नेली तर हा भार सहज पेलता येईल, असे त्यांनी दाखवून दिले.

वर्षभर विधेयक लोकमतासाठी फिरले. काँग्रेसने पाठिंबा दिला. ठिकठिकाणी सभा झाल्या. प्रांतिक सरकारांचे अभिप्राय मात्र प्रतिकूल आले. मार्च १९१२ मध्ये हे विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवावे एवढाच प्रस्ताव गोखल्यांनी ठेवला आणि त्यावर दोन दिवस चर्चा झाली.

विरोधाचे मुद्दे अनेक होते. लोकांकडूनच अशी मागणी नाही, असे सरकार पक्षाने सांगितले. स्थानिक संस्था नवा कर बसवण्यास तयार नाहीत आणि सुशिक्षितांतही एकमत नाही, हेही पुढे करण्यात आले. जिथे लोक आपण होऊन शाळा मागत आहेत तिथेच अजून पैसा पुरत नाही, मग सक्ती कशाला, असा प्रश्न विचारला गेला. शिकवायला प्रशिक्षित शिक्षक नाहीत आणि बसायला इमारती नाहीत, ही अडचण तर खरीच होती. जमीनदारांना शेतावरची पोरे हातची जाण्याची धास्ती होती. मुसलमान सभासदांपैकी काहींना शिक्षणाच्या भाषेची चिंता होती.

गोखल्यांनी प्रत्येक आक्षेपाचा परामर्श घेतला. ज्या संस्थेला कर नको तिने कायदा लागू करू नये, कारण विधेयकात तिच्यावर जबरदस्ती नव्हतीच. शिक्षकांविषयी त्यांचे म्हणणे सरळ होते. निरक्षरता हटवणे हे पहिले काम आहे. साध्या शिक्षकाने साध्या जागेत शिकवलेली अक्षरओळखही अज्ञानापेक्षा बरी, आणि गुणवत्तेचा विचार त्यानंतर करता येईल. वीस वर्षे वर्गात उभा राहिलेला माणूस हे बोलत होता, म्हणून त्याला वजन होते. तरीही हा मुद्दा त्यांच्या मांडणीतील नाजूक जागा होती. संख्या आधी की दर्जा आधी, हा वाद पुढील शंभर वर्षे भारतीय शिक्षणाची पाठ सोडणार नव्हता. मुलींना प्रारंभी बाहेर ठेवणे ही दुसरी तडजोड होती. विधेयक तरावे म्हणून त्यांनी ती केली, आणि विधेयक तरी तरले नाही.

पंडित मदनमोहन मालवीय आणि महमद अली जीना यांच्यासारखे सभासद गोखल्यांच्या बाजूने उभे राहिले. पण त्या कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत होते आणि ते एकगठ्ठा मत देत. बिनसरकारी सभासदांतही काही विरोधात गेले. निकाल काय लागणार, याची गोखल्यांना पूर्ण कल्पना होती. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून देशसेवा करणे आले आहे, अशा आशयाचे विचार मांडून त्यांनी तो पराभव शांतपणे स्वीकारला.

पराभव पुरता निष्फळ मात्र ठरला नाही. विधेयक चर्चेत असतानाच, डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात लोकशिक्षणासाठी दरसाल पन्नास लाख रुपयांची वाढीव तरतूद जाहीर झाली होती. फेब्रुवारी १९१३ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावात सरकारने सक्ती नाकारली, पण निरक्षरता हटवण्याचे उद्दिष्ट मान्य केले. प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा किमान बारा रुपये मिळावेत आणि एका शिक्षकाकडे पन्नासपेक्षा अधिक मुले नसावीत, अशी अपेक्षाही त्यात नोंदवली गेली. ज्या सरकारने विधेयक पाडले, त्यालाच शिक्षकाचे वेतन आणि वर्गाचा आकार यांवर भूमिका घ्यावी लागली.

गोखल्यांना पुढचे फारसे पाहता आले नाही. मधुमेहाने शरीर पोखरले होते. त्यातच १९१२ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या प्रश्नासाठी त्यांनी तेथे दौरा केला आणि सनदी नोकऱ्यांविषयीच्या आयोगाचे कामही अंगावर घेतले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

त्यानंतर दोनच वर्षांनी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. स्थानिक संस्थेने आपण होऊन पुढे यावे, हे गोखल्यांच्या विधेयकाचेच सूत्र त्यात होते. इतर प्रांतांनी लवकरच त्याचे अनुकरण केले. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलामुलीचा शिक्षणाचा हक्क देशभर अमलात यायला मात्र १ एप्रिल २०१० हा दिवस उजाडावा लागला. केंद्राने किती द्यावे आणि राज्याने किती, प्रशिक्षित शिक्षक कोठून आणावेत, यावरील चर्चा त्या दिवशीही संपली नव्हती. कलकत्त्याच्या सभागृहात एका माजी शाळामास्तराने आकड्यांनिशी सुरू केलेला तो वाद अद्याप चालूच आहे. एवढे मात्र खरे की, मुलांना शाळेत घालणे हे सरकारचे काम आहे की नाही, हा प्रश्न आता कोणी विचारत नाही.